दार बंदच ठेवा, पण आतलं कळू द्या

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारी एक विनानफा संस्था आहे. प्रश्न विचारणारे गृहस्थ आठ महिन्यांपूर्वी तिचे विश्वस्त झाले आणि आता अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलंय. पहिल्या दिवसापासून संस्था चालवणाऱ्या संचालकबाई वर्षभरात निवृत्त होणार आहेत. मंडळात नऊ जण, त्यांत मानसोपचारतज्ज्ञ एकच. बाकीच्यांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, उपचारातलं आपल्याला काय कळतंय, ते संचालकांवर सोडा, आपण पैसे उभे करू. दुसरा म्हणतो, उद्या काही बरंवाईट झालं तर मान आपलीच अडकणार, तेव्हा मुलांच्या फाइली अधूनमधून मंडळासमोर आल्याच पाहिजेत. बरोबर कोण? आणि नवा संचालक उपचारक्षेत्रातला घ्यावा की व्यवस्थापनातला?

मी बालमानसशास्त्रज्ञ म्हणून सुरुवात केली, पुढे अकरा वर्षं अशाच एका संस्थेची संचालक होते आणि सध्या दोन संस्थांच्या मंडळांवर आहे. मंडळाला उत्तरं देणं आणि मंडळात बसून प्रश्न विचारणं, दोन्ही करून झालंय. माझ्या मते तुमचे दोन्ही तट एकाच गैरसमजातून बोलताहेत. दोघांनाही वाटतं की आत काय चाललंय ते कळायचं तर दार उघडून डोकवायलाच हवं. एकाला डोकावणं नको वाटतं म्हणून तो काही विचारतच नाही. दुसऱ्याला विचारायचं असतं म्हणून तो फाइल मागतो. दार बंद असतानाही पुष्कळ कळतं, फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

शाळेत वर्ग नीट चालत नसेल तर आवाज बाहेर येतो. दवाखान्यात जखम भरली नाही तर दिसते. आपल्याकडे एक मोठा माणूस आणि एक मूल पाऊण तास एका खोलीत बसतात, आणि त्या पाऊण तासाचे पैसे देणारा तिसराच कुणीतरी असतो, जो त्या खोलीत कधी पाऊल टाकत नाही. मूल बहुतेक वेळा स्वतःहून आलेलं नसतं. आपल्याला काय मिळायला हवं होतं हेच त्याला माहीत नसतं, मग मिळालं नाही म्हणून ते तक्रार कुठून करणार? पालकांना एवढंच दिसतं की घरातली आदळआपट कमी झाली की नाही. म्हणजे एरवी ज्यांच्या नाराजीमुळे एखादी सेवा सुधारते ते सगळेच इथे गैरहजर. त्यांच्या वतीने विचारणारं कुणी असेल तर ते मंडळ. आणि तसं विचारायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, त्यामुळे पहिल्या तटाची सबब मला मान्य नाही.

फाइलवाल्यांसाठी माझीच एक चूक सांगते. संचालकपदाच्या तिसऱ्या वर्षी मी मंडळाच्या सभेत एका मुलीची हकीगत वाचून दाखवली. नाव अर्थातच काढलेलं. वय बारा, आजीकडे राहते, रात्री झोप लागत नाही, स्वतःच्या भुवयांचे केस उपटते, असं काहीसं. पंधरवड्याने आमचे एक विश्वस्त काही कामासाठी केंद्रात आले होते. बाहेर बाकावर बसलेल्या मुलीच्या भुवयांकडे त्यांचं लक्ष गेलं. अतिशय मायाळू माणूस. जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता लागते ना गं झोप नीट?" ती काही बोलली नाही. त्या दिवशी आत गेल्यावर तिने सगळा वेळ पेन्सिलीला टोक काढण्यात घालवला, आणि पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही. समुपदेशक ताईने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा आजी म्हणाली, "बरी आहे आता." झोपेचं त्या मुलीने केंद्रात एकाच माणसाला सांगितलं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की एकेका मुलाची गोष्ट मंडळासमोर येणार नाही, नाव काढूनसुद्धा नाही. नाव खोडलं की ओळख पुसली असं आपल्याला वाटतं, पण माणसं ओळखू येतात ती नावावरून थोडीच? मंडळाकडे जावेत ते एकत्रित आकडे आणि त्यांत दिसणारा कल. आत्मघाताचा प्रयत्न, कर्मचाऱ्यावरचा आरोप, अशी गंभीर घटना घडलीच तर दोन विश्वस्त आणि बाहेरचा एक तज्ज्ञ एवढ्यांनीच कागद बघावेत आणि मंडळाला काय चुकलं, काय बदलायचं तेवढं सांगावं.

फाइली कमीत कमी हातांतून जाव्यात याला आणखी एक कारण आहे. फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रं चालवणारी कंपनी होती. ती विनानफा नव्हती, पण तिच्यावर ओढवलं ते आपल्यावरही ओढवू शकतं. तिच्याकडच्या रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि कंपनी पैसे देईना म्हटल्यावर २०२० च्या ऑक्टोबरात चोराने थेट रुग्णांना ईमेल पाठवून खंडणी मागितली. बंद खोलीत सांगितलेल्या गोष्टी चव्हाट्यावर आल्या. त्या रुग्णांत अल्पवयीन मुलंही होती. मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला काढलं, आणि २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तुमच्या पुढच्या सभेत एवढं विचारून बघा: नोकरी सोडून गेलेल्या शेवटच्या माणसाचा पासवर्ड कोणत्या तारखेला बंद केला? 'बहुतेक केला असेल' असं उत्तर आलं तर त्याच दिवशी तपासून घ्या.

मग बाहेरून बघायचं ते काय?

माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर सुपरव्हिजन. हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक समुपदेशकाने ठरलेल्या वेळी आपल्याहून अनुभवी माणसापुढे बसायचं, केसमध्ये कुठे अडलंय ते मांडायचं, त्या कामाचा स्वतःवर काय परिणाम होतोय तेही बोलायचं. बंद दाराआडच्या कामावर नियमित नजर असते ती एवढीच. आणि प्रतीक्षा यादी वाढली की पहिली कुऱ्हाड हिच्यावरच पडते, कारण तो तास वेळापत्रकात मोकळा दिसतो आणि त्यात आणखी एक मूल बसवता येतं. मीही बसवलंय. देणगीदारांचा तर यावर भलताच राग. 'प्रशासकीय खर्च' म्हणून ते सुपरव्हिजनचे पैसे कापतात, आणि मंडळ गप्प बसतं. मंडळाने दर तिमाहीला विचारावं की किती तास ठरले होते, किती झाले, आणि जे रद्द झाले ते कोणी रद्द केले. या एका रकान्यावरून कोण नोकरी सोडणार आहे याचा अंदाज मला कित्येकदा महिने-महिने आधी आलाय. 'बर्नआउट' ही संज्ञा हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये मांडली, तीच मुळी न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात झिजत चाललेली माणसं बघून. माणसं जीव ओतून काम करतात आणि समोरची रांग काही संपत नाही, अशीच ती जागा होती. आपल्या संस्था त्याहून वेगळ्या नाहीत. शिवाय आपल्याकडचा समुपदेशक गेला की केवळ एक पद रिक्त होत नाही. पंधरा-वीस मुलांना एकदम वाटतं की आणखी एक मोठं माणूस आपल्याला सोडून गेलं.

त्यानंतर प्रतीक्षा यादी. एका मंडळावर मी नवीन असताना अहवालात ठळक अक्षरांत आलं होतं, 'प्रतीक्षा यादी ९४ वरून ६१ वर.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत मी स्वागतकक्षातल्या बाईंकडे गेले आणि यादी कुठे असते म्हणून विचारलं. त्यांनी खणातून एक लांबट वही काढली. नावांवर लाल रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेपुढे त्यांच्या बारीक अक्षरात कारण लिहिलेलं: 'फोन उचलला नाही', 'फोन उचलला नाही', 'नंबर बदललाय', 'आता नको म्हणाले', 'फोन उचलला नाही'. यांतली खरंच बोलावून घेतलेली किती, म्हटल्यावर त्यांनी बोटाने मोजलं. अकरा. अहवालातला आकडा खोटा नव्हता, टाळ्या मात्र फुकट गेल्या होत्या. त्या वहीत काय आहे हे मंडळातल्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि बाईंना कुणी कधी विचारलंही नव्हतं.

आता त्या संस्थेत 'यादी किती मोठी' याला फारसं महत्त्व नाही. यादीतलं सगळ्यात जुनं मूल किती दिवस थांबलंय, यादीतून गेलेल्यांपैकी किती जण खरंच आत आले, आणि पहिल्या-दुसऱ्या भेटीनंतर किती जण फिरकले नाहीत, हे विचारलं जातं. सरासरी मी मागत नाही, ती फार लबाड असते. चार महिने हा मोठ्यांना काही मोठा काळ वाटत नाही, पण सहा वर्षांच्या मुलाची तेवढ्यात शाळा सुटू शकते. मुलांच्या बाबतीत उशीर अंगाशी येतो तो पुढे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीवरून रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की आयुष्यात कधीतरी मानसिक विकार होणाऱ्यांपैकी निम्म्यांचा विकार चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो.

मुलं बरी होताहेत का, हा प्रश्न तुमच्या मंडळात नक्की येईल, आणि उत्तरादाखल एक सुंदर आलेखही येईल. बऱ्याच संस्था त्यासाठी एसडीक्यू वापरतात. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली मुलांच्या भावना-वर्तनातल्या अडचणी आणि जमेच्या बाजू टिपणारी ही २५ विधानांची प्रश्नावली पालक किंवा शिक्षक भरतात, मोठी मुलं स्वतःही भरतात. साधन चांगलं आहे. पण मूल आपल्याकडे येतं तेच सगळ्यात वाईट दिवसांत, त्यामुळे आपण काही केलं नाही तरी पुढच्या खेपेला गुण थोडे सुधारलेले दिसण्याची शक्यता असतेच. आणि दुसऱ्यांदा प्रश्नावली भरतात ती टिकून राहिलेली मुलं. मधेच सोडून गेलेली आलेखात नसतात. म्हणून मी आलेखाचा उतार बघण्याआधी सुरुवातीला किती जणांनी भरली आणि शेवटी किती जणांनी, ते विचारते.

'वर्षभरात एकही तक्रार नाही' हे वाक्य वाचलं की मला धडकी भरते. नऊ वर्षांच्या मुलाला तक्रार करायची झाली तर ते कुणाकडे जाईल? त्या माणसाचं नाव त्याला कुणी सांगितलंय का? मंडळातल्या एकाकडे बालसुरक्षेची जबाबदारी नावानिशी द्या, आणि कर्मचाऱ्यांना संचालकांना न विचारता त्या व्यक्तीला फोन करता येईल असं लेखी करा. ती व्यक्ती संचालकांची नातलग किंवा जुनी मैत्रीण नसावी. हे सांगायची गरज नसावी, पण सांगते, कारण असते.

आता पैसे आणि संस्थापक, ही जोडगोळी. ब्रिटनमधल्या किड्स कंपनीबद्दल प्रत्येक अध्यक्षाने वाचावं. कमिला बॅटमँगेलिज यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही संस्था हालाखीतल्या मुलांना भावनिक आणि व्यावहारिक आधार द्यायची. येईल त्या मुलाला घ्यायचं हे तिचं तत्त्व. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे तिला किमान ४ कोटी ६० लाख पौंडांचा सार्वजनिक निधी मिळाला होता, तरी गंगाजळी नावालाच. २०१५ च्या जुलैअखेरीस गैरप्रकारांचे आरोप झाले, देणग्या आटल्या, आणि ५ ऑगस्टला संस्था बंद पडली. पोलिसांना पुढे गुन्ह्याचा पुरावा सापडला नाही, पण तोवर संस्थाच उरली नव्हती. संसदीय समितीने २०१६ मध्ये विश्वस्तांना झोडपलं. मंडळात मानसोपचाराचा किंवा युवक-सेवांचा अनुभव असलेलं कुणी नव्हतं, हाही त्यातला एक मुद्दा. उलट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने विश्वस्तांना अपात्र ठरवायला नकार दिला. २०२२ मध्ये तिथल्या धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनने गैरव्यवस्थापनाचा ठपका ठेवला, पण अप्रामाणिकपणा आढळला नाही असंही म्हटलं. म्हणजे चोर कुणीच नव्हतं. चांगली माणसं, मोठं मन, येणाऱ्या मुलांच्या संख्येला मर्यादा नाही आणि शिल्लक नाही, एवढं पुरलं.

गंगाजळी किती असावी याचं 'तीन महिन्यांचा खर्च' हे ठोकळेबाज उत्तर मला पटत नाही. आपल्यासारख्या संस्थेने हिशेब उलट्या बाजूने करावा. उद्या अनुदान थांबलं, तर आत्ता उपचार चालू असलेल्या प्रत्येक मुलाचा नीट निरोप घ्यायला, त्याला दुसऱ्या जागी पोचवायला आणि नोंदी सुरक्षित सोपवायला किती आठवडे लागतील? तेवढ्या आठवड्यांचे पगार, भाडं आणि सुपरव्हिजन. एका संस्थेत हा हिशेब मांडला तेव्हा उत्तर बावीस आठवडे निघालं आणि खात्यात सात आठवड्यांचे पैसे होते. त्या वर्षी नव्या इमारतीसाठी चालून आलेली देणगी आम्ही नाकारली, देणगीदार महिनाभर बोलत नव्हते. मग त्यांनीच त्यातला काही भाग राखीव निधीला दिला.

नवा संचालक डॉक्टर की व्यवस्थापक, या वादात मी पडत नाही. दोन्ही प्रकारचे उत्तम आणि दोन्ही प्रकारचे भयंकर संचालक पाहिलेत. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या शेजारचं पद. संचालक व्यवस्थापनातला असेल तर उपचारप्रमुख वेगळा नेमा, आणि 'आता आणखी मुलं घेता येणार नाहीत' असं म्हणण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. वर्षातून निदान दोनदा तो संचालकांच्या गैरहजेरीत मंडळाशी बोलेल असंही ठरवा. संचालक उपचारक्षेत्रातला असेल तर त्याने बहुतेक केसेस सोडायला हव्यात. हे त्यांना फार जड जातं. मला गेलं होतं. मी चार मुलं 'तेवढी फक्त' म्हणून ठेवली होती, आणि अंदाजपत्रकाच्या आदल्या दिवशीही त्यांतल्याच एकाच्या घरी फोनवर होते. त्या वर्षीचं अंदाजपत्रक दुरुस्त करायला दोन सभा लागल्या.

तरुणांना मंडळावर घेण्याची टूम सध्या जोरात आहे. मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमातच आहे, त्यामुळे तत्त्वाबद्दल वाद नाही. पण रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये सहभागाची जी आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, आणि त्यांतली एक आहे शोभेसाठी बसवणं. एकोणीस वर्षांच्या माजी लाभार्थी मुलीला नऊ मोठ्यांमध्ये बसवून 'तुझा अनुभव सांग' म्हणणं हे तेच. दोघं-तिघं एकत्र घ्या आणि त्यांच्याकडून आत्मकथन मागू नका. प्रतीक्षाकक्ष कसा असावा, पहिला फोन कुणी करावा, असले ठोस विषय द्या. आमच्याकडे मुलांनीच सांगितलं की दारावरच्या पाटीतला 'मानसिक' हा शब्द रस्त्यावरून वाचता येतो म्हणून ती मागच्या गल्लीतून येतात. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ते वीस वर्षांत आलं नव्हतं. पालकांना घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांच्या मुलाचे उपचार चालू असताना नको.

शेवटी तुमच्या संचालकबाई. निरोपसमारंभानंतर त्यांना लगेच मंडळावर घेऊ नका, निदान दोन वर्षं तरी. नवा माणूस प्रत्येक निर्णयाआधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहील. त्यांचा अपमान होईल या भीतीने हे बोलणं लांबवू नका, अध्यक्ष म्हणून ते तुम्हालाच करायचंय, आणि एकट्यात करायचंय.

पण त्याआधी त्यांच्यासोबत बसून एक यादी करा. कपाटाच्या किल्ल्या आणि बँकेच्या सह्या सगळ्यांच्या लक्षात असतात. या यादीत ते नको. रात्री अकरानंतर त्यांच्या फोनवर कुणाचे फोन येतात? रुग्णालयात तातडीने खाट हवी असेल तर त्या कुणाला सांगतात? कोणत्या शाळेतल्या कोणत्या बाई त्यांच्या एका शब्दावर मुलाला परत वर्गात घेतात? कोणत्या मोठ्या झालेल्या मुलांना त्या अजून दर महिन्याला फोन करतात, आणि त्या फोनचं पुढे काय करायचं? नावं मंडळाकडे येणार नाहीत, ती उपचारप्रमुखाकडे जातील. मंडळाला एवढंच कळायला हवं की अशी किती नाती आहेत आणि त्यांतली किती सोपवून झाली. आमच्या संस्थेत त्या यादीला सव्वादोन महिने लागले, आणि निम्मी नावं तिथल्या संचालकबाईंना रात्री झोपताना आठवायची. उशाशी वही ठेवायला सांगा.